बिनदोऱ्याची गाठी

आमच्या घरी सण साजरे होत नसत, तयार होत. हा फरक मला शाळेत गेल्यावर कळला. 'माझा आवडता सण' असा निबंध आला की वर्गातल्या मुली नवे कपडे, फराळ, मामाचं गाव असं लिहायच्या. मी लिहिलं होतं की पाडव्याच्या दीड महिना आधी आमच्याकडे साखरेची पोती येतात आणि पाडव्याच्या दुपारी घरातले सगळे भिंतीला टेकून झोपतात. बाईंनी लाल शाईनं शेरा मारला, 'विषयाला धरून लिहावे.' मी विषयाला धरूनच लिहिलं होतं.

नगर शहरात, कापड बाजाराच्या मागच्या एका बोळात आमचं घर होतं. आता शहराच्या नावाची पाटी बदलली आहे, पण लिहिताना हात सवयीनं नगरच लिहितो. पुढे दीड खणाचं दुकान, मागे दोन खोल्या, त्यामागे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये भट्टी. माझे वडील, अण्णा, साखरेचं काम करायचे. संक्रांतीला काटेरी हलवा, शिवरात्र झाली की पाडव्याच्या गाठी, चैत्रात गावोगावच्या जत्रांच्या रेवड्या, मोहरमला सवारीपुढे वाटायची शेरणी, दिवाळीत लक्ष्मीपूजनाचे बत्तासे. जिल्ह्याच्या उत्तरेला पाटाचं पाणी, ऊस आणि कारखाने. आम्ही दक्षिणेतले, कोरड्या बाजूचे. ऊस त्यांचा आणि सण आमचे, असं अण्णा म्हणायचे आणि वर म्हणायचे की साखर नुसती पोत्यात असते तोवर ती किराणा असते, साच्यातून निघाली की सण होते. अण्णा फार बोलत नसत. हे वाक्य मात्र ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत, आणि आई आतून प्रत्येक वेळी म्हणायची, झालं सुरू.

शहर आमच्या दारावरून जायचं. गणपतीचे ढोल, सवारीचे ताशे, नवरात्रात पहाटे देवीला अनवाणी निघालेल्या बायकांचे घोळके, सगळं त्या बोळाच्या तोंडाशी ऐकू यायचं आणि आम्ही ते शेडमधून ऐकायचो. मिरवणूक कुठवर आली हे आवाजावरून ओळखायची मला इतकी सवय झाली होती की पुढे कधी रस्त्यावर उभं राहून मिरवणूक पाहिली तेव्हा ती मला जरा लहानच वाटली. आमच्या घराचा स्वतःचा आवाज वेगळा होता. कढईच्या काठावर उलथन्याचा, पाक घोटला जातानाचा घरघर आवाज, आणि साचे उघडताना लाकडावर लाकूड आपटल्याचा ठक ठक. शेजारच्या बोहरणीचा नातू म्हणे त्या ठक ठकवर झोपायचा, आणि हंगाम संपला की रडायचा.

गोड आमच्याकडे कुणी खात नसे. दिवसभर साखरेची वाफ नाकातोंडात गेली की जिभेला गोडाचा वीट येतो. गाठीच्या दिवसांत आई शेंगदाण्याचं झणझणीत कालवण करायची, त्याबरोबर बाजरीची भाकरी आणि खरडा. पाडव्याला सगळं शहर श्रीखंड-पुरी खायचं, आम्ही वरणभात आणि मिरचीची भजी. अजूनही पाडव्याला माझ्या घरी भजीच होतात. सुनेला सुरुवातीला हे विचित्र वाटलं, आता तीच मिरच्या मोठ्या बघून आणते.

ज्यांनी गाठी फक्त गुढीला टांगलेली पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. सागवानी लाकडाच्या दोन फळ्या असतात, दोन्हीत एकमेकींना जुळणारे आकार कोरलेले. साखर चिकटू नये म्हणून त्या रात्रभर पाण्यात ठेवायच्या. सकाळी खालच्या फळीवर दोरा घालायचा, वरची फळी बसवायची, सुतळीनं आवळायचं आणि वरच्या भोकांतून पाक ओतायचा. पाक आळून बसला की साचा उघडायचा, दोऱ्याचं टोक धरायचं आणि अख्खी माळ उचलायची. पाक अण्णांचा. भट्टी आईची. दोरा आत्याचा. आणि आवळण्यापासून झाडण्यापर्यंत उरलेलं सगळं माझं.

आत्या ही अण्णांची थोरली बहीण, सोनाआत्या. ती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात दोऱ्याची रिळं ठेवायची आणि त्या डब्याला कुणी हात लावलेला तिला चालत नसे. जमिनीवर बसायची, दोऱ्याचा फास डाव्या पायाच्या अंगठ्याला अडकवायची, दोरा ताणून ओला करायची आणि एका दमात साच्यावर बसवायची. दिवसाला शेकडो साचे तिच्या हाताखालून जायचे. एवढ्या वर्षांत तिच्या गाठीचा दोरा सुटलेला कुणी पाहिला नव्हता. बोलायला फटकळ होती. एकदा एका बाईनं गाठी हातात घेऊन विचारलं की एवढ्याशा साखरेला एवढा भाव का, तर आत्या म्हणाली, साखर फुकट घ्या, भाव दोऱ्याचा हाय.

ती आमच्याकडे का राहते हे मला कुणी कधी बसवून सांगितलं नाही. तुकड्यातुकड्यानं कळलं. बाळंतपणाला माहेरी आली ती परत गेली नाही, म्हणजे तिला न्यायला कुणी आलंच नाही. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. तिची मुलगी मंगल आमच्याच शेडमध्ये रांगली, चालायला लागली. मंगल चार वर्षांची झाली तेव्हा सासरची माणसं आली, पण आत्याला न्यायला नव्हे, पोरीला न्यायला. त्यांच्याजवळ काही कागद होता की नुसता आवाज, मला माहीत नाही. अण्णांनी पोर देऊन टाकली. मी तेव्हा पाळण्यात होते. त्यानंतर आत्यानं मंगलला पाहिलं नाही. तिच्या लग्नाची पत्रिका आली ती लग्न होऊन चार दिवस झाल्यावर, आणि ती आत्यानं डब्यात, रिळांच्या खाली ठेवून दिली. अण्णा आणि आत्या एकाच शेडमध्ये वर्षानुवर्षं बसत, एक पाक ओतायचा आणि एक दोरा घालायची, आणि या विषयावर एक शब्द बोलत नसत.

मी पंधरा वर्षांची होते त्या वर्षी होळी होऊन आठेक दिवस झाले असतील, काष्टीचा एक बाजारकरी नेहमीसारखा गाठी न्यायला आला. श्रीगोंद्याकडचा माणूस, दर शनिवारी तिथल्या आठवडे बाजारात पाल टाकायचा. त्यानं माल बांधून घेतला, चहा पिऊन संपवला, पेला उपडा ठेवला आणि मग अण्णांना म्हणाला, "तुमची भाची आमच्या गावात नांदती. मुलगा झालाय, पाच महिन्यांचा. तिच्या सासूबाईंनी निरोप धाडलाय, नातवाची पहिली गाठी आजोळची पायजे. अन् ती पोरगी म्हनती, पोपटाची पायजे."

आमच्याकडे पहिल्या पाडव्याला बाळाच्या गळ्यात साखरेची गाठी घालतात, आणि ती आजोळहून यावी लागते. पण पोपटाची गाठी बाजारात कुठेच नव्हती. तो साचा एकच होता, खर्डा गावच्या एका सुतारानं आजोबांना करून दिलेला. मधोमध समोरासमोर दोन पोपट आणि दोन्ही बाजूंना पाच पाच चकत्या. त्यातली गाठी आम्ही विकत नव्हतो. हंगामाचा शेवटचा घाणा पाडव्याच्या पहाटे निघायचा, तो घरच्या लेकरांचा, आणि त्यातच हा साचा भरला जायचा. म्हणजे चार वर्षांच्या पोरीच्या डोक्यात तेवढे दोन पोपट राहिले होते.

आत्या दोरा ताणून बसली होती. तिनं तो सोडला नाही. बाजारकऱ्याला एवढंच विचारलं, "पोरगं कुनावर गेलंय?"

तो म्हणाला, "अजून कुनावर न्हाई. नुसतं रडतंय."

त्या दिवसानंतर आत्याची घाई बघण्यासारखी होती. बाजारात जाऊन झबलं, टोपडं आणि चांदीचे पातळ वाळे घेऊन आली. टोपडं तिनं दोनदा बदलून आणलं. अण्णा एकदा म्हणाले की गाठी मामानं न्यायची असते, मी जाऊन देऊन येतो. आत्यानं मान वर न करता उत्तर दिलं, "मामानं एकदा काय द्यायचं ते दिलंय. आता मी जाते." अण्णा कढईकडे वळले. पोर त्यांनी दिली होती, आणि आत्या ते विसरली नव्हती, हे मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं.

पण निरोपात गाठी पाठवा असं होतं. या असं नव्हतं. हे आत्याच्याही ध्यानात होतं. बरोबर मला न्यायचं तिनं ठरवलं आणि बेत पक्का करून टाकला. सकाळच्या दौंड गाडीनं जायचं, पाणी प्यायचं, गाठी द्यायची, पोर बघायचं, बाराच्या गाडीनं माघारी. सण साधून जेवायला आली असं कुणी म्हणायला नको. हा बेत तिनं मला इतक्या वेळा सांगितला की मला वाटलं, ती मला नाही, स्वतःला बजावते आहे.

पाडव्याच्या पहाटे आत्या न्हाऊन नवं लुगडं नेसत होती. आई गुढीची तयारी बघत होती. अण्णांनी शेवटचा पाक चढवला आणि मला हाक मारली, पोपटाचा साचा घे. मी पाण्यातून फळ्या काढल्या, फडक्यानं टिपल्या, कडा जुळवल्या, सुतळीनं आवळल्या आणि साचा अण्णांपुढे ठेवला. त्यांनी पाक ओतला. आईनं येऊन भट्टीवर दूध-पाणी शिंपडून ती शांत केली आणि तोंड शेणानं सारवून टाकलं. आमच्याकडे शांत केलेली भट्टी पुढचे पाच दिवस पेटवत नसत. मग दारात गुढी उभी राहिली, कडुनिंबाचा पाला चावून झाला, आणि पूजा झाल्यावर अण्णांनी साचा मांडीवर घेतला. ठक ठक केलं, वरची फळी उचलली आणि दोऱ्याचं टोक धरायला बोट नेलं. ते बोट फळीच्या कडेवर फिरत राहिलं.

"दोरा?" अण्णा म्हणाले.

दोरा नव्हता. फळीवर दहा चकत्या होत्या आणि दोन पोपट होते, एकदम सुबक, दाणेदार, पांढरेशुभ्र, आणि सगळे सुटे. सबंध हंगाम मी साचे आवळले होते. माझ्याकडे साचा यायचा तो दोरा घातलेलाच यायचा. त्या पहाटे दोन्ही कामं माझ्याकडे आली आणि हातांनी सवयीनं आपलं तेवढं काम केलं. पुढे तीस वर्षं मी सिस्टर म्हणून वॉर्डात काढली. तिथे पाहिलेल्या चुकांपैकी निम्म्या तरी अशाच होत्या. आळशी माणसाच्या नव्हेत, एकाच कामात तरबेज झालेल्या माणसाच्या. नव्या मुलींना मी हे नेहमी सांगायचे, फक्त पोपटांचं सांगत नव्हते.

सणाच्या दिवशी लेकराला मारू नये म्हणतात. आईनं तो नियम लगेच मोडला. अण्णा उठले आणि म्हणाले की साखर आणतो, भट्टी पुन्हा पेटवतो. त्यांनी खरंच सारवलेल्या भट्टीचं तोंड फोडायला हात घातला होता. ज्या माणसानं आजारी असतानाही शांत केलेल्या भट्टीला कधी काडी लावली नाही, त्याचा तो हात मला अजून दिसतो. आत्या म्हणाली, नको, गाडी जाईल. मग ते म्हणाले, दुकानात चार चांगल्या गाठी उरल्यात, त्यातली ने. आत्या म्हणाली, "ती इकायची हाय." तिनं पोह्यांचा पत्र्याचा डबा रिकामा केला, तळाशी जुनं धोतर घातलं आणि एक एक चकती, मग एक एक पोपट त्यात ठेवला. मला काही बोलली नाही. माझ्या दृष्टीनं आईची थप्पड त्यापेक्षा बरी होती.

माळीवाड्याच्या स्टँडवरून गाडी मिळाली. डबा माझ्या मांडीवर होता. मी रडले नाही, कारण झाकण नीट बसत नव्हतं आणि साखरेवर पाणी पडलं तर चकत्या विरघळतील असं मला वाटत होतं. आत्या सबंध वाट खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, काढणी झालेली रानं होती. केडगाव गेल्यावर तिनं एकदा टोपडं पिशवीतून काढलं, पाहिलं आणि परत ठेवलं.

मंगलचं घर काष्टीत बाजारतळाच्या मागे होतं. दारात गुढी, पलीकडे गोठा, ओट्यावर नव्यानं रंगवलेली भिंत. मंगलच्या सासूबाई दारातच भेटल्या, भरल्या अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या. बसा म्हणाल्या, तांब्या दिला. मंगल आतल्या दाराशी पोर कडेवर घेऊन उभी होती. ती पुढे आली नाही. आत्याही उठली नाही. तिनं पाणी प्यायलं, तोंड पुसलं, झबलं-टोपडं आणि वाळे पाटावर ठेवले आणि डबा सासूबाईंपुढे सरकवला. त्यांनी झाकण काढलं, आत पाहिलं, धोतर उचलून खाली पाहिलं.

"दोरा कुठाय?" त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "बिनदोऱ्याची गाठी म्हंजी काय समजायचं आमी?"

आत्यानं पाटावरच्या झबल्याची घडी पुन्हा घालायला घेतली. गिऱ्हाइकाला एका शब्दात गप्प करणारी बाई. मला वाटलं, आता डबा परत मिळणार, बाराची गाडी पकडायची आणि हे सगळं संपणार, आणि संपवलं मी. म्हणून मी म्हणाले, "दोरा मी घालायचा होता. मी विसरले. आत्याची चूक नाही."

दारातून मंगल बोलली. तिचे ते पहिले शब्द. "तू कोन?"

"शोभा. अण्णांची."

"मार बसला का?"

"बसला."

मंगल हसली. हसताना तिचे पुढचे दात दिसले, आत्यासारखे जरा पुढे आलेले. सासूबाईही हसल्या. म्हणाल्या, साखरवाल्याची लेक अन् दोरा इसरली, म्हंजी कुंभाराघरी फुटकी घागर. मग त्यांनी बाहेर गुढीकडे पाहिलं, आणि त्या क्षणी त्या बाईनं जे केलं त्याबद्दल मी तिला जन्मभर मानत आले. त्या म्हणाल्या, "गुढी उतरायला सांज हाय. तवर लेकराच्या गळ्यात पडली म्हंजी झालं. मंगल, गोधडीचा दोरा आन. अन् भात वाढव दोन मानसांचा." आत्या म्हणाली, आमची बाराची गाडी आहे. त्या म्हणाल्या, गाड्या रोज हायत, पाडवा आज हाय.

साखरेची चकती दोऱ्यात ओवता येत नाही, तिला भोक पाडायला गेलं की ती दुभंगते. फुलाला गाठ मारतात तशी कमरेला दोरा घेऊन मागे गाठ मारावी लागते. गाठ घट्ट झाली तर चकती तडकते आणि सैल झाली तर निसटते. आत्यानं आयुष्यात हे काम केलं नव्हतं. पहिली चकती तिच्या हातात दुभंगली. तुकडा मंगलच्या पोरानं मिळवला आणि तो दोन्ही हातांनी धरून चोखत बसला. दुसरी जमली. पण माळ लांब, तिला ताण हवा, दुसरं टोक कुणीतरी धरायला हवं. मी पुढे सरकले. सासूबाईंनी मला हाक मारली, तू हिकडं ये, कुरडया तळायला बस. त्यांच्या घरात कुरडया तळायला दुसरं कुणी नव्हतं असं नाही, मंगलची जाऊ तिथेच उभी होती. मी मुकाट्यानं चुलीशी गेले.

चुलीपाशी बसून दारातून पुढची खोली सरळ दिसत होती. मंगल पोराला मांडीवर घेऊन आत्याच्या समोर बसली. आत्यानं फास तयार केला आणि म्हणाली, "पाय कर पुढं." मंगलनं पाय पुढे केला. आत्यानं तिच्या अंगठ्याला फास अडकवला, दोरा ताणला आणि गाठी मारायला लागली. तिच्या हातापासून मंगलच्या पायापर्यंत तो पांढरा दोरा आणि त्यावर एक एक चकती. कुरडया फुलत होत्या. मग मंगलनं विचारलं, आवाज न चढवता, दूध तापलं का असं विचारावं तसं.

"मला न्यायला आले तवा तू कुठं हुतीस?"

आत्या गाठ मारत होती. ती पुरी केली. "मागं. शेडमधी. साचे भरीत हुते."

"भाईर का न्हाई आलीस?"

"अण्णा म्हनला, बसून ऱ्हा. दोरा पायाला हुता." ती थांबली. "मी बसून ऱ्हायले."

मी मंगलच्या पायाकडे बघत होते. तिनं तो काढून घेतला नाही. आत्यानं पुढची चकती उचलली.

पहिली चकती फुटली होती म्हणून एका बाजूला पाच आणि एका बाजूला चार झाल्या. एका पोपटाची शेपटी गाडीतच मोडली होती. पोपटाला गाठ मारायला कंबर नसते, म्हणून आत्यानं त्यांच्या मानेलाच दोरा बांधला. सासूबाईंनी माळ उचलून धरली आणि म्हणाल्या, "पोपटांना फासच दिला म्हना की, विहीणबाई." या शब्दानं त्यांनी तिला हाक मारली आणि ती हाक मारून भाताकडे वळल्या. आत्या उरलेला दोरा बोटाभोवती गुंडाळत राहिली. आम्ही जेवलो. पुरणपोळी होती, तूप होतं. मी पाडव्याला पुरणपोळी पहिल्यांदाच खाल्ली आणि मला ती आवडली, हे आईला अजून सांगितलेलं नाही.

बाराची गाडी गेली, तीनची गेली. दुपारी आत्या पोराला पायांवर पालथं घालून थोपटत बसली. ऊन उतरायला लागलं तेव्हा गाठी पोराच्या गळ्यात घातली. त्यानं लगेच बिनशेपटीचा पोपट तोंडात कोंबला. मग गुढी उतरली आणि आम्ही निघालो. मंगल बाजारतळापर्यंत आली. पुन्हा या असं तिनं म्हटलं नाही. आत्यानंही येते म्हटलं नाही. गाडीत बसल्यावर आत्या म्हणाली, "बापावर गेलंय पोरगं. नाक तेवढं आपलं." केडगावच्या अलीकडे तिनं विचारलं, "थप्पड लई लागली का?" मी नाही म्हणाले.

आता अण्णा नाहीत, आत्या नाही. शेडच्या जागी माझ्या धाकट्या भावानं दोन गाळे काढले. आता गाठी पाडणारे हलक्या धातूचे साचे वापरतात, काम भरभर होतं आणि माल स्वच्छ निघतो. त्याबद्दल गळा काढायचं मला काही कारण दिसत नाही. पोपटाचा साचा माझ्याकडे आहे, कपाटावर. मंगलचा तो पोरगा काष्टीच्या बाजारात मोबाईलचं दुकान चालवतो आणि मला दर पाडव्याला गुढीचा फोटो पाठवतो. लोक विचारतात, साखरेच्या घरात वाढून तुम्ही नर्सिंगला कशा गेलात. त्याचं कारण एवढंच की फी परवडत होती.

त्याच्या पुढच्या वर्षीचा पाडवा मात्र सांगायला हवा. सबंध हंगाम आत्यानं मला दोऱ्याच्या डब्याजवळ फिरकू दिलं नाही. अण्णा गिऱ्हाइकांना आपलं जुनं वाक्य सोडून माझी फजिती ऐकवायला लागले होते. पाडव्याच्या पहाटे पाक चढला तेव्हा आत्या केव्हाची न्हाऊन, नवं लुगडं नेसून, काष्टीला जायची पिशवी भरून तयार होती. तिला वेळच वेळ होता. घरच्या लेकरांचे बाकीचे साचे तिनं नेहमीसारखे पायाला फास लावून भरले. मग पाण्यातून पोपटाचा साचा काढला, टिपला आणि दोन्ही फळ्या माझ्यापुढे ठेवल्या.

"हा तू आवळ," ती म्हणाली.

मी खालच्या फळीकडे पाहिलं. म्हणाले, "आत्या, दोरा?"

"आवळ म्हनलं ना."

अण्णा पळीभर पाक घेऊन थांबले होते. त्यांनी बहिणीकडे पाहिलं, साच्याकडे पाहिलं. मी फळ्या जुळवल्या आणि सुतळी आवळली. आत्यानं डब्यातून दोऱ्याचं एक नवं रीळ काढलं आणि काष्टीच्या पिशवीत, झबल्यावर ठेवलं. अण्णांनी पाक ओतला.